जुन्या मिनी ट्रॅक्टरचं वायरिंग कुठे दाखवावं? तासगाव-मणेराजुरी रस्त्यावरच्या मामांच्या दुकानाचा अनुभव

सेकंडहँड मिनी ट्रॅक्टर घेतलाय आणि सेल्फ, चार्जिंग, लाइट यातलं काहीतरी रोज छळतंय, अशा बागायतदारांसाठी हे लिहिते आहे. तासगावातून मणेराजुरीकडे निघालं की रस्त्याकडेला एक पत्र्याचं दुकान लागतं. ट्रॅक्टर, टेम्पो, जीप यांच्या वायरिंगचं आणि सेल्फ-डायनामोचं काम तिथे होतं. दुकान चालवणारे मामा एसटीच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झालेले. हंगामात आधीच दारात रांग असते म्हणून नाव-नंबर कुठे टाकू नका असं त्यांनी बजावलंय, तेव्हा तेवढं सोडून बाकी सगळं सांगते. माझं मत आधीच सांगून टाकते: पाचपैकी पाच. कारण इथे पार्ट बदलण्याआधी मोजतात. ट्रॅक्टरच्या लाइटीच्या कामात हे मला दुसरीकडे बघायला मिळालं नाही.

आमचा ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, 18 एचपीचा. इंजिन उत्तम, हायड्रॉलिक दणकट, डिझेल कमी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे जे निघालं त्यात कंपनीचा काही संबंध नव्हता. आधी ज्यांच्या हातात तो होता त्यांनी जमेल तशी जोडाजोड केली होती. कुठे चिकटपट्टी, कुठे पिळून जोडलेली तार, कुठे घरातल्या फिटिंगची वायर. जुना ट्रॅक्टर घेताना आपण टायर बघतो, इंजिनाचा धूर बघतो, कागद बघतो. डॅशबोर्डच्या मागे कुणी डोकावत नाही.

द्राक्षवाल्यांना हे समजावून सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. ऑक्टोबर छाटणी झाली की पोंग्यापासून (नवी फूट बाहेर पडते तेव्हापासून) मणी सेट होईपर्यंत डाऊनीची, म्हणजे पानं-घड नासवणाऱ्या बुरशीच्या रोगाची, धास्ती असते. रात्री पाऊस झाला किंवा पहाटे दाट दव पडलं, तर फवारणी त्याच सकाळी व्हावी लागते. दुपारनंतर मारलेलं औषध आणि सकाळी मारलेलं औषध यात घडांचा फरक पडतो. त्या वेळी ब्लोअर (ट्रॅक्टरला जोडायचं फवारणीचं यंत्र) भरून तयार आहे, औषध कालवून झालंय, आणि चावी फिरवली की ट्रॅक्टर नुसता ‘टक्क’ करून गप्प. मोठा ट्रॅक्टर आमच्या मांडवाखाली जात नाही आणि भाड्याचा मिनी त्या दिवसांत कुणाकडेच मोकळा नसतो. म्हणून मला हे दुकान एवढं मोलाचं वाटतं.

पहिलं दुखणं हेच ‘टक्क’. कधी एका झटक्यात सुरू व्हायचा, कधी अजिबात नाही. गरम झाल्यावर जास्तच त्रास. आधी एका ठिकाणी दाखवला, त्यांनी बॅटरी गेली म्हणून सांगितलं. नवी बॅटरी बसवली, थोडे दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी सेल्फ खोलून कार्बन आणि बुश बदलले. पैसे गेले आणि ‘टक्क’ राहिलं. तिथे टेस्टरचा बल्ब लावून दाखवला, ‘बघा, करंट येतोय, म्हणजे सेल्फच खराब.’ बल्ब खरंच लख्ख पेटत होता.

मामांनी हात लावण्याआधी नुसते प्रश्न विचारले. लाइट लावून सेल्फ मारला तर लाइट मंद होते का? पूर्ण विझते का? टक्क एकदा होतं की टकटकटक? सेल्फ मारल्यावर बॅटरीची कुठली वायर हाताला गरम लागते? मी रोज चालवते म्हणून उत्तरं देता आली: लाइट किंचित मंद होते, टक्क एकदाच, आणि काळी वायर बॉडीकडच्या टोकाला गरम लागते. ते नुसतं ‘हां’ म्हणाले आणि मीटर काढला.

साधाच पिवळा डिजिटल मीटर, पण दोन्ही वायरींना मगरचिमटे जोडलेले. इंजिन सुरू होऊ नये म्हणून मला स्टॉपची दांडी ओढून धरायला लावली आणि हाताखालच्या पोराला चावी फिरवायला सांगितली. प्रत्येक आकडा मामा खडूनं मडगार्डवर लिहीत गेले. बॅटरी निवांत असताना 12.6 व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर 11.9. त्याच वेळी सेल्फच्या बोल्टपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत 8.8.

‘वैनी, बॅटरी चांगली हाय की. तिला कशाला बदलली?’ मामा म्हणाले. ‘बॅटरी बसकी असती तर सेल्फ मारताना हितंच नऊच्या खाली आली असती. ही बारापाशी उभी हाय. मधी तीन व्होल्ट कुठं गेलं ते बघायचं.’

आणि त्यांनी ते शोधून दाखवलं. मीटरचा एक चिमटा बॅटरीच्या प्लसवर, दुसरा सेल्फच्या बोल्टवर, आणि सेल्फ मारायचा: 0.5. लाल केबल ठीक. मग एक चिमटा बॅटरीच्या मायनसवर, दुसरा इंजिनाच्या स्वच्छ बोल्टवर, पुन्हा सेल्फ: 2.6. या बाजूला 0.2, फार तर 0.3 असायला हवं होतं. म्हणजे करंट सेल्फपर्यंत जाताना अडत नव्हता, बॉडीतून बॅटरीकडे परत येताना अडत होता. चोर अर्थिंगमध्ये होता.

काळी केबल काढली तेव्हा बाहेरून काही दिसेना. मामांनी लगच्या (केबलच्या टोकाला बोल्टसाठी असलेल्या धातूच्या कडीच्या) मागे ब्लेडनं रबर चिरलं. आतून हिरवी पूड गळाली. तांब्याच्या तारांचा गुच्छ असायला हवा तिथे बोटांनी चुरगळेल असा हिरवट भुसा, आणि मधोमध मोजक्या तारा अजून लालसर चमकत होत्या. वर्षानुवर्षं ब्लोअरचा फवारा उडतो, त्यात बोर्डो असतं, कॉपरची औषधं असतात, गंधक असतं. ते ओल धरून लगमधून आत शिरतं आणि केबल आतल्या आत खाल्ली जाते. शिवाय केबलचं दुसरं टोक जिथे बॉडीला आवळलं होतं तिथे कुणीतरी वरून रंग मारलेला. रंगावर बोल्ट.

टेस्टरचा बल्ब का फसवतो, हे मला तिथे कळलं. त्या बल्बला जेमतेम अर्धा-एक अँपिअर लागतो. शिल्लक राहिलेल्या चार तारा तेवढा आरामात नेतात, म्हणून बल्ब लख्ख पेटतो आणि मीटरचा बझरही ‘टूंऽ’ करून जोड ठीक असल्याचं सांगतो. सेल्फला मात्र फिरताना शे-दीडशे अँपिअर लागतात. रस्त्यात ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी अडथळा असला, तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. मामांच्या भाषेत, ‘ड्रिपच्या नळीतनं विहिरीच्या मोटरचं पाणी न्यायला बघतायसा.’ म्हणून मोजायचं ते सेल्फ मारत असताना मोजायचं. भार नसताना घेतलेला आकडा अशा दुखण्यात काहीच सांगत नाही.

नवी 35 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल कापली, लग हातोडीनं न ठोकता प्रेसमध्ये दाबून घेतले, बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरनं घासून पांढरं लोखंड काढलं, आणि इंजिनापासून चासीला एक वेगळी पट्टी जोडली. बोल्ट आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन. मग पुन्हा सगळे आकडे. आता सेल्फ मारताना बॅटरीवरचा आकडा उलट खाली आला, 10.7. माझ्या चेहऱ्याकडे बघून मामांनी लगेच खुलासा केला: आधी सेल्फला करंट मिळतच नव्हता म्हणून बॅटरीवर भार नव्हता, आता तो हवा तेवढा ओढतोय. सेल्फवर 10.1 मिळत होते. इंजिन ज्या जोरानं फिरलं तो आवाज मी हा ट्रॅक्टर घेतल्यापासून ऐकला नव्हता. केबल, लग, पट्टी आणि मजुरी धरून 950 रुपये. आधी बदललेली बॅटरी आणि सेल्फचं काम यांचा हिशोब आता काढत नाही.

दुसरं काम चार्जिंगचं. आम्ही ते सांगितलंच नव्हतं, मामांनी स्वतः विचारलं, ‘चावी ऑन केली तरी बॅटरीचा लाल दिवा लागत न्हाई, कधीपासनं?’ लागत नाही म्हणजे सगळं ठीक असणार असा माझा समज होता. ते उलटं आहे. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी तो दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. आमच्या ट्रॅक्टरच्या डायनामोला (खरं तर तो अल्टरनेटर, पण सगळे डायनामोच म्हणतात) सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. दिवा गेलेला, म्हणून इंजिन चालू असूनही बॅटरीवर 12.4 दिसत होते. रेस बरीच वाढवली की मगच डायनामो जागा व्हायचा. म्हणजे फवारणीत चार्जिंग व्हायचं आणि हळू चालणाऱ्या बारीकसारीक कामात बॅटरी उतरत राहायची. वीस रुपयांचा बल्ब घातला, आकडा 14.1 वर गेला. 13.8 ते 14.5 च्या दरम्यान असेल तर चार्जिंग नीट आहे असं समजायचं. पंधराच्या वर जात असेल तर कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) खराब, बॅटरीचं पाणी आटणार. काही छोट्या ट्रॅक्टरांना चुंबकाचा डायनामो आणि वेगळा कटआउट असतो, त्यांचं गणित निराळं, तिथे डायनामोतून येणाऱ्या दोन वायरींवर एसी व्होल्टेज तपासतात.

जुना ट्रॅक्टर बघायला जाल तेव्हा ही एक गोष्ट नक्की करा: चावी ऑन करून लाल दिवा आणि ऑइलचा दिवा दोन्ही लागतात का बघा. लागत नसतील तर बल्ब गेलाय, नाहीतर कुणी मुद्दाम काढून ठेवलाय. दोन्हीपैकी काहीही असो, भाव ठरवण्याआधी कळलेलं बरं.

तिसरं, उभ्या-उभ्या बॅटरी उतरणं. हे काम मामांनी दिवाळीनंतर करून दिलं, कारण सीझनमध्ये त्यांना वेळ नव्हता आणि आम्हालाही. बॅटरीचा मायनस काढून मीटर मध्ये जोडला, 10 अँपिअरच्या भोकात वायर घालून. चावी बंद, सगळं बंद, तरी 0.42 अँपिअर चालू. चोवीस तासांचे दहा अँपिअर-अवर झाले, म्हणजे आमची 50 अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन दिवसांत निम्मी. एकेक फ्यूज काढत गेले, आकडा हलेना. यावरूनच त्यांनी ओळखलं की करंट फ्यूजबॉक्समधून जातच नाही, कुठूनतरी डायरेक्ट टॅप मारलाय. सीटच्या खालच्या पत्र्यात आधीच्या मालकानं गाण्यांसाठी लावलेला अँप्लिफायर सापडला. डेक कधीच काढून नेलेला, अँप्लिफायर तसाच, थेट बॅटरीवरून, कायमचा चालू. तो सोडवला आणि मीटर शून्यावर आला. आमच्या ट्रॅक्टरमध्ये घड्याळ नाही, कॉम्प्युटर नाही, तेव्हा चावी बंद असताना शून्यच दिसायला हवं.

इथे एक धोक्याची सूचना, जी मामांनी मला दोनदा दिली. मीटर असा मध्ये जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही. 10 अँपिअरच्या मीटरमधून शंभर अँपिअर गेले तर मीटर तर जळतोच, हातही भाजतो.

फ्यूजबॉक्सबद्दल थोडक्यात. हेडलाइटच्या जागी निळा, म्हणजे 15 अँपिअरचा फ्यूज हवा होता. तिथे जळका फ्यूज होता आणि त्याच्या दोन्ही पायांना बारीक तांब्याची तार गुंडाळून परत खोचलेला. डॅशबोर्डच्या मागे उंदरानं हेडलाइटच्या वायरीचं प्लास्टिक बोटभर सोललेलं, ती पत्र्याला घासत होती, म्हणून फ्यूज उडायचा. आणि उडू नये म्हणून कुणीतरी तार बांधली. एखाद्या दिवशी वायरिंगनं पेट घेतला असता. मामांनी ती वायर बदलून वरून फ्लेक्झिबल पाइप चढवला, फ्यूज रंगाप्रमाणे बसवले आणि एलईडी बारला रिले लावून वेगळा फ्यूज दिला. चोख काम.

ज्या गोष्टीसाठी मी त्यांना मनापासून मानते ती मात्र वेगळीच. क्लच दाबल्याशिवाय आणि पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) न्यूट्रलला असल्याशिवाय सेल्फ फिरू नये म्हणून जे स्विच असतात, ते आमच्या ट्रॅक्टरला दोन्ही डायरेक्ट केलेले होते, दोन वायरी पिळून एकत्र. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना हेच केलेलं असतं, कारण स्विच खराब झाला की सेल्फ लागत नाही आणि वायरी पिळणं फुकट पडतं. घाई होती म्हणून मी म्हटलं, ‘राहू दे तसंच मामा, पुढच्या वेळी बघू.’ त्यांनी हातातलं काम थांबवलं. म्हणाले, ‘मी ह्ये असं ठेवून गाडी सोडत न्हाई. पायजे तर स्विच उद्या आणतो, गाडी ठेवून जावा.’ पीटीओ 540 ला फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. मागे कुणी ब्लोअरच्या शाफ्टजवळ वाकलेलं असताना नुसती चावी फिरली तर? आमच्याकडे मजूर बायका साडीवर शर्ट घालून, डोक्याला स्कार्फ गुंडाळून कामाला असतात. स्विच दुसऱ्या दिवशी आले, बसले, आणि प्रत्येक स्विच खरोखर सेल्फ अडवतो का हे त्यांनी माझ्यासमोर करून दाखवलं. स्विचच्या कामाची मजुरी घेतली नाही.

नावडलेल्या गोष्टीही सांगते. वेळ पाळली जात नाही. ‘दुपारी या’ म्हणजे दुपार ते संध्याकाळ यातलं काहीही. फोन उचलत नाहीत, हात ग्रीसमध्ये असतात. पावसात दुकानापुढं चिखल होतो आणि काम उघड्यावर चालतं, त्यामुळे पाऊस असेल तर थांबावं लागतं. बिल वहीच्या कागदावर मिळतं, जीएसटीचं पक्कं बिल लागणाऱ्यांनी आधी बोलून घ्यावं. आर्मेचर बांधायचं काम ते स्वतः करत नाहीत, सांगलीला पाठवतात, त्यात दोन-तीन दिवस मोडतात. आणि सगळ्यात मोठी मर्यादा: कॉम्प्युटरच्या गाड्यांना ते हात लावत नाहीत. 50 एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना 1 जानेवारी 2023 पासून ट्रेम-4 चे प्रदूषण नियम लागू झाले, तेव्हापासून त्या मोठ्या ट्रॅक्टरांत सेन्सर आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आलेत. त्यांना स्कॅनर लागतो, तो मामांकडे नाही आणि तसं ते तोंडावर सांगतात. मिनी ट्रॅक्टरवाल्यांना याची चिंता नाही, आपली बहुतेक यंत्रं अजून साध्या वायरिंगची आहेत.

मामांकडून शिकून मी घरात आता एक तीनशे रुपयांचा मीटर ठेवलाय. छाटणीच्या आठवड्यात पहाटे सुरू करण्याआधी बॅटरी बघते: 12.6 असेल तर भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली असेल तर आदल्या रात्री कुठेतरी गडबड झालीय. मात्र इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर आकडा फुगलेला दिसतो, दोन-चार तास जाऊ द्यायचे. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरा-हिरवा थर आला की कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून धुते. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ द्यायचं नाही, बुचं घट्ट हवीत. वायरी काढताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. प्लस खोलताना पाना बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेला असेल तर ठिणगीचा लोळ उठतो, मी शेजारच्या रानात पाहिलाय. आणखी एक, जे वेल्डिंगवाले सांगत नाहीत: ट्रॅक्टरला लावलेल्या अवजाराचं वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि डायनामोचा कपलर सोडवा, नाहीतर डायनामोतले डायोड जातात आणि मग चार्जिंग का होत नाही म्हणून महिनाभर डोकं फिरतं.

जाणार असाल तर खरड छाटणीनंतर, मे महिन्यात जा. तेव्हा मामांना निवांत वेळ असतो आणि एकाच बैठकीत सगळं वायरिंग तपासून मिळतं. नुसत्या तपासणीचे ते 200 रुपये घेतात, काम तिथेच केलं तर ते वळते करतात. काय दुखतंय ते घरून नीट बघून जा, कारण आवाज, लाइट, कुठली वायर गरम, हे सगळं विचारणार. आणि ब्लोअर सोडवून ट्रॅक्टर मोकळाच न्या, दुकानासमोर वळवायला जागा नाही.